म्हात्रे साहेब, एसी आहे आमच्याकडे

म्हात्रे साहेब,

तुमची प्रतिक्रिया वाचली तेव्हा दोन ओळी खरडून मोकळं व्हावं असं वाटलं होतं. पण दोन ओळींत लिहिलं असतं तर तुमच्याच सुरात लिहिलं गेलं असतं, आणि तो सूर मला जमत नाही. म्हणून सविस्तर लिहिते. तुम्ही चारचौघांत बोललात, मीही चारचौघांतच बोलते.

आधीचा लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. गेल्या महिन्यात वाशीतल्या एका सभागृहात मी एक माहितीपट बघितला. सिडकोनं, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळानं, शहरासाठी घेतलेल्या जमिनी आणि जानेवारी १९८४ मधलं उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांचं आंदोलन हा त्याचा विषय. दिग्दर्शक इथल्याच एका गावातला तरुण मुलगा आहे. पहिला अर्धा भाग मला मनापासून आवडला, दुसरा अर्धा भाग एकांगी आणि घाईचा वाटला. तसं मी लिहिलं. त्यावर तुमची प्रतिक्रिया आली, ती इथे जशीच्या तशी देते:

‘ताई, सिडकोच्या सेक्टरमध्ये एसीत बसून आमच्या बापजाद्यांच्या लढ्याला मार्क देऊ नका. सिडकोनं पन्नास वर्षं स्वतःचीच बाजू सांगितली, आता दीड तास आमची ऐकायला काय हरकत आहे? आमच्याच मातीतल्या पोरानं फिल्म केली तर तुमच्या पोटात दुखलं. साडेबारा टक्क्यांबद्दलही अर्धवट लिहिलंय, आधी अभ्यास करा.’

सुरुवात ‘ताई’नं केलीत आणि चार वाक्यांत माझं घर, माझी नियत, माझं पोट आणि माझा अभ्यास, सगळं काढून झालं. तुमच्या घरात बहिणीशी असंच बोलतात का, हे मी विचारणार नाही. मी लेखात दिग्दर्शकाविषयी एक तरी वावगा शब्द लिहिला असेल तर तो दाखवा. त्याला मी ‘मेहनती’ म्हटलंय, दोनदा. आंदोलनाविषयी तर मी उणा शब्द काढलेलाच नाही. फिल्मचा एक भाग फसला म्हटलं की लढाच फसला म्हटल्यासारखं तुम्ही वागताय. लढा वेगळा, त्याच्यावरची फिल्म वेगळी. पाच माणसं दास्तान फाट्यावर आणि पागोट्यात पोलिसांच्या गोळ्यांनी गेली, १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला. ते हुतात्मे आहेत. एडिटिंग टेबलवर जे झालं त्याला हौतात्म्याचं कवच देऊ नका.

आता पहिल्या वाक्याकडे येते, कारण खरं झोंबलं ते तेच. ‘सिडकोच्या सेक्टरमध्ये एसीत बसून.’

एसी आहे आमच्याकडे. बेडरूममध्ये आहे, तोही हप्त्यांवर घेतलेला. मे महिन्यात कोपरखैरण्यात रात्री काय हवा असते ते तुम्हालाही माहीत असेल. तुमच्याकडे नसेल तर तसं सांगा, मी हा परिच्छेद मागे घेते. पण ‘सेक्टर’ हा शब्द तुम्ही ज्या चवीनं वापरलाय त्यावर जरा बोलायला हवं. तुमच्या मनात सेक्टर म्हणजे पाम बीच रोडवरचे टॉवर, स्विमिंग पूल, सकाळी कुत्री फिरवणारी माणसं. मी ज्या सेक्टरमध्ये वाढले तो माथाड्यांचा, बाजारात ओझी वाहणाऱ्यांचा. ओळीनं लागलेली बैठी घरं, एवढीशी जागा, पुढे मोरी. नंतर लोकांनी त्यावर एकेक मजला चढवला आणि गल्ली अशी अरुंद झाली की समोरच्या घरातली फोडणी आमच्या घरात ठसका आणायची.

माझे वडील पाटण तालुक्यातले. मुंबईत कांदा-बटाट्याच्या टोळीत होते आणि बाजार इकडे हलला तसे तेही इकडे आले. वाराईच्या, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीच्या, हिशेबावर मुकादमाशी भांडायचे आणि घरी येऊन आईवर चिडायचे. पोती ओढायचा त्यांचा लोखंडी आकडा दाराच्या मागे खिळ्याला टांगलेला असायचा आणि आम्हा पोरांना त्याला हात लावायची बंदी होती. उजव्या खांद्यावरची कातडी पायाच्या टाचेसारखी झालेली होती. माथाड्यांचे नेते अण्णासाहेब पाटील यांचा फोटो आमच्या देवघराशेजारी होता, आजही आहे. १९६९ चा माथाडी कायदा काही कुणी ताटात वाढून दिला नव्हता. तेव्हा मोर्चा म्हणजे काय, गोळीची भीती म्हणजे काय, नेता गेल्यावर घराघरांत चूल कशी विझते, हे आम्हाला सेक्टरमध्ये राहून कळत नाही असं कृपा करून समजू नका.

आणि विषय निघालाच आहे तर आईचंही सांगते. तिचं माहेर शिवसागराच्या, कोयना धरणाच्या जलाशयाच्या, पाण्याखाली आहे. कोयनेचं धरण झालं तेव्हा ती लहान होती. तिथली माणसं कुठे कुठे गेली, तर काही तुमच्या रायगडात आणि ठाण्यातच येऊन पडली. कुणाला जमीन मिळाली ती खडकाळ, कुणाला मिळाली ती कागदावर. आईच्या वडिलांच्या घरचा पत्ता आता बोटीतून दाखवावा लागतो. आमच्या घरात दिवे कोयनेच्या विजेवर लागतात का, हे तिनं कधी कुणाला विचारलं नाही. पण ‘जमीन गेलेल्यांचं दुःख तुम्हाला काय कळणार’ असं तिच्या मुलीला कुणी म्हटलं, तर मुलीचा आवाज चढणारच.

तुम्ही म्हणाल, हे सगळं आम्हाला कसं माहीत असणार? नसणारच. म्हणूनच माणूस कुठे राहतो यावरून त्याचं तोंड बंद करू नये. सेक्टरवाल्यांनी गाववाल्यांच्या फिल्मवर बोलायचं नाही, तर मग गाववाल्यांनी उद्या माथाड्यांवर बोलायचं नाही, पुण्याच्या माणसानं उरणवर बोलायचं नाही, आणि उरणवरची फिल्म फक्त उरणमध्ये दाखवायची. मग वाशीत कशाला दाखवलीत? तिकीट लावून?

बरं, दुसरं वाक्य. सिडकोनं पन्नास वर्षं आपली बाजू सांगितली, हे खरं आहे. १७ मार्च १९७० ला स्थापना झाल्यापासून सांगतेच आहे. सिडकोला अर्धा वेळ द्या असं मी कुठे म्हटलं होतं? एकही अधिकारी, अगदी निवृत्तसुद्धा, बोलताना दिसत नाही, एवढंच म्हटलं होतं. असो, पुढे जाते.

तिसरं वाक्य, ‘पोटात दुखलं’, याला उत्तर द्यायचं नसतं.

पण ‘एकांगी’ या माझ्या शब्दावरून एवढं रामायण झालं आहे, तर तो का वापरला ते जरा नीट सांगते, कारण तुम्ही लेख पूर्ण वाचलेला दिसत नाही.

फिल्ममधला सर्वांत चांगला प्रसंग तुम्हाला आठवत असेल. एक म्हातारी पत्र्याच्या ट्रंकेतून पावाच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढते. भूसंपादनाची नोटीस. ती मांडीवर ठेवून हातानं सपाट करते. घडीवर घडी इतकी वर्षं राहून शिक्क्याची शाई पलीकडच्या बाजूला उमटली आहे, उलटी. ती काही बोलत नाही. नंतर बोलते ते एवढंच: ‘हातान काय नव्हता. पोरगा होता काखेन.’ संपलं. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. आणि दिग्दर्शकानं काय केलं? ताबडतोब ड्रोन वर उडवला, खाली उड्डाणपूल आणि कंटेनर, आणि मागून ढोल. मी लिहिलं की तिथे अजून थोडं थांबायला हवं होतं. हे पोटदुखीचं लक्षण आहे का? त्या बाईंना तुमच्या फिल्मनं दिला त्यापेक्षा जास्त वेळ मिळावा असं मला वाटलं, एवढाच माझा गुन्हा.

पहिल्या अर्ध्या भागात कुळकायद्याचा धागा आहे, तोही मी कौतुकानं लिहिला होता. १ एप्रिल १९५७ ला कसेल त्याची जमीन झाली, पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबलेली कुळं मालक झाली, आणि तेरा वर्षांत भूसंपादनाची अधिसूचना आली. सातबारावर नाव चढून पोराचं लग्न होईपर्यंतसुद्धा वेळ मिळाला नाही. हे मला त्या फिल्ममुळे असं एका ओळीत दिसलं. नवी मुंबईची कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी साठच्या दशकात मांडली, ३४४ चौरस किलोमीटरचं शहर, मुंबईवरचा भार हलका करायला, हे आपण सगळे शाळेपासून ऐकतो. त्या नकाशात ९५ गावं होती हे शेवटी सांगतात. फिल्मनं ते आधी सांगितलं. छान केलं. मी हेही लिहिलं होतं. तुम्ही ते वाचलं नाहीत कारण तुम्हाला तिथे भांडायला काही सापडलं नाही.

दुसरा अर्धा भाग मात्र १९८४ वरून उडी मारून परत मिळणाऱ्या साडेबारा टक्के जमिनीवर येतो, गुलाल उधळतो, आणि तिथून थेट नवी मुंबई विमानतळाच्या नावाच्या वादावर. १० जून २०२१ ची मानवी साखळी, २४ जूनचा सिडको घेराव. नावाला माझा विरोध नाही, हे आताच लिहून ठेवते, नाहीतर पुढची प्रतिक्रिया तीच येईल. या शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांचं नाव तिथे असावं असं मला वाटतं. जासईत जन्मलेल्या माणसानं सगळं आयुष्य या भागासाठी घालवलं, त्याचं नाव तिथे नाही तर कुठे असणार? पण १९९० च्या दशकापासून २०२१ पर्यंत मधली तीस वर्षं कुठे गेली? त्या तीस वर्षांत त्या भूखंडांचं काय झालं?

इथे तुमचं चौथं वाक्य येतं. ‘आधी अभ्यास करा.’

ऐका तर मग. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची असा सरकारचा निर्णय १९९० मध्ये झाला आणि १९९४ मध्ये त्यात सुधारणा झाली. त्यातले पावणेचार टक्के सार्वजनिक सोयींसाठी कापले जातात, हातात पडतात पावणेनऊ. एकरामागे पाच गुंठे म्हणतात, मिळतात साडेतीन. हे मी माझ्या लेखात लिहिलं नव्हतं, कारण तो फिल्मवरचा लेख होता, शासन निर्णयाचा गोषवारा नव्हता. पण मजा अशी की हे फिल्ममध्येही नाही! पडद्यावर ‘१२.५ टक्के’ असे मोठे आकडे येतात, ताशा वाजतो, आणि पुढचा प्रसंग. अर्धवट माहितीचा आरोप करायचा होता तर पत्ता चुकला आहे तुमचा.

आणि भूखंड मिळाला म्हणजे काय होतं, हे या शहरात राहणाऱ्या प्रत्येकानं बघितलंय. वारस नोंदीसाठी फाइल अडकते. पाच भावांची सात नावं आणि त्यातली दोन मयत. मग एजंट येतो. तो फाइल ‘काढून देतो’. कुलमुखत्यारपत्र करून घेतो, हातावर काही रक्कम ठेवतो, आणि भूखंड वाटप होईपर्यंत तो तिसऱ्याच माणसाच्या खिशात गेलेला असतो. ज्यांच्या नशिबानं बिल्डर बरा निघाला त्यांना इमारतीत काही फ्लॅट मिळाले. बाकीच्यांच्या अंगणात गाडी आली आणि गाडीबरोबर हप्ते. यात सिडकोचा दोष आहेच, फायली तिथेच कुजतात. पण एजंट कुठून आले? सिडकोच्या बेलापूरच्या ऑफिसातून आले का? त्यातले कित्येक गावातलेच होते, आणि त्यातले काही आज गावच्या स्टेजवर पहिल्या रांगेत बसतात. फिल्म त्यांच्याकडे कॅमेरा वळवत नाही. ‘एकांगी’ मी याला म्हटलं. सिडकोला बोलू दिलं नाही ही माझी दुय्यम तक्रार होती. मुख्य तक्रार ही, की गावानं गावाशी काय केलं यावर फिल्म गप्प आहे.

आणखी एक, आणि यावर तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत, तेव्हा मीच लिहिते. फिल्ममध्ये बायका भरपूर आहेत. रडणाऱ्या आहेत, लाठ्या खाल्लेल्या आहेत, गाणी म्हणणाऱ्या आहेत. वारस म्हणून एकही नाही. भूखंडाच्या वेळी लग्न झालेल्या बहिणींना माहेरी बोलावतात, जेवण घालतात, साडी देतात आणि सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात नेऊन हक्कसोडपत्रावर सही किंवा अंगठा घेतात. हे गावोगाव झालंय. माझ्याबरोबर कॉलेजात असलेल्या एका मैत्रिणीनं मला त्या दिवसाचं सांगितलं होतं. ऑफिसच्या बाहेर भावानं उसाचा रस पाजला आणि म्हणाला, ‘तुला काय कमी आहे?’ महाराष्ट्रानं १९९४ मध्येच वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना वाटा देणारी दुरुस्ती केली, केंद्राला २००५ उजाडलं. म्हणजे ज्या वर्षी भूखंडाच्या योजनेला आकार आला त्याच वर्षी मुलींचा हक्कही कायद्यात आला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी गावात पोचल्या आणि त्यातली एक साडीत गुंडाळून परत पाठवली. यावर फिल्ममध्ये एक वाक्य नाही. त्या नोटीसवाल्या आजींना मुली होत्या का, असल्या तर त्यांनी कुठे सह्या केल्या, हे दिग्दर्शकानं विचारलं असतं तर मी त्याला दहापैकी दहा दिले असते. मार्क द्यायची परवानगी नाही, विसरलेच.

सातबारा ज्यांच्याकडे नव्हताच त्यांचंही तेच. मिठागरांवर राबणारे, खाडीत जाळं टाकणारे, कातकरी. टक्केवारी जमिनीवर निघते, खाडीवर कशी काढणार? त्यांना फिल्ममध्ये जेमतेम एक बाइट आहे, तीही चालत्या होडीवरची, इंजिनाच्या आवाजात शब्द कळत नाहीत. आणि ‘गरजेपोटी’च्या, म्हणजे गाववाल्यांनी परवानगीशिवाय बांधलेल्या, घरांवर बुलडोझर चालतो तो प्रसंग, भाऊ, चांगलाच लांब आहे. त्या घरांच्या वरच्या मजल्यांवर भाड्यानं कोण राहतं? नाका कामगार, घरकाम करणाऱ्या बायका, माझ्या वडिलांच्या टोळीतली पोरं. घर पाडलं की मालक कॅमेऱ्यासमोर येतो आणि भाडेकरू ट्रंक घेऊन रस्त्याच्या कडेला उभा असतो. तो फ्रेममध्ये आहे, डावीकडे, पुन्हा बघाल तर दिसेल. त्याला कुणी नाव विचारलेलं नाही.

शोनंतरच्या प्रश्नोत्तरांत दिग्दर्शक म्हणाला, ‘मी तटस्थ नाही.’ टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. तटस्थ असू नयेच. पण आपल्या बाजूचा असताना आपल्याच बाजूची निम्मी माणसं फ्रेमबाहेर ठेवायची, याला बाजू घेणं म्हणत नाहीत. मी तेव्हा उठून हेच विचारणार होते, पण माइक पहिल्या रांगेच्या पुढे आला नाही.

एक गोष्ट तुमच्या बाजूनं मान्य करते, कारण मला उगाच हट्टीपणा आवडत नाही. पार्श्वसंगीत कर्कश आहे असं मी लिहिलं होतं. त्या सभागृहाची ध्वनियंत्रणा खराबच आहे, तिथे नाटकातले संवादसुद्धा भिंतीवर आपटून परत येतात. तेव्हा कर्कशपणातला काही वाटा सभागृहाच्या नावावर टाकायला माझी हरकत नाही. ढोलाचा प्रश्न मात्र सभागृहाचा नाही.

आता जरा तुमच्याविषयी. तुमच्या प्रतिक्रियेला खाली भराभर अंगठे आले. त्यातल्या कित्येकांनी माझा लेख उघडलाही नसेल, कारण तुमची प्रतिक्रिया आधी व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरली आणि तिथून माणसं थेट खालीच उतरली. त्यातल्या एका गृहस्थांनी मला ‘परत साताऱ्याला जा’ असं लिहिलं. मी सातारकर आहे हे मी लेखात कुठेही लिहिलं नव्हतं, आडनावावरून काढलं असावं. ती प्रतिक्रिया मी उडवली. तुमची उडवलेली नाही, उडवणारही नाही. पण ज्या दिबांचं नाव विमानतळाला हवं म्हणून आपण सगळे बोलतो, त्यांच्या आंदोलनात बाहेरून आलेली माणसंही होती. त्यांना कुणी आडनाव विचारून उन्हात उभं केलं नव्हतं. तुम्ही त्या गृहस्थांना एका शब्दानं हटकलं असतंत तर मी तुमच्या ‘ताई’वर विश्वास ठेवला असता.

दिग्दर्शकाला मी वेगळं पत्र पाठवलंय. त्याचं उत्तरही आलं, तुमच्यापेक्षा बऱ्याच नरम भाषेत. हक्कसोडीचा मुद्दा त्याच्याही डोक्यात होता म्हणे, एका काकूंचं चित्रीकरणही झालं होतं, मग त्यांच्या भावानं आक्षेप घेतला म्हणून काढून टाकलं. म्हणजे चित्रीकरण आहे. कुठेतरी हार्ड डिस्कवर आहे. तुमची त्याच्याशी ओळख आहे असं तुमच्या बोलण्यावरून वाटतं, तर माझ्यावर लिहिण्याऐवजी त्याला तेवढं सांगा. त्या भावालाही ओळखत असाल तर त्यालाही.

तुम्ही प्रतिक्रियेखाली दुसऱ्या दिवशी लिहिलंत की आमच्या घरचे सगळे उतारे आणि नोटिसा स्कॅन करून पाठवतो, मग बोला. पाठवा, मी वाचेन. हक्कसोडपत्रं असतील तर तीही त्यात घाला.